उन्हाळी फळांचे वाटी-कॉबलर: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

कॉबलर बिघडतो तो जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी. वरून सोनेरी रंग आलेला असतो, घरभर लोण्याचा वास सुटलेला असतो आणि चमचा घातला की फळ आणि वरचा थर यांच्या मधून कच्च्या पिठाचा चिकट लगदा निघतो. मग पुढच्या वेळी ओव्हन जास्त तापवला जातो. वरची बाजू करपते, खालचा लगदा तसाच राहतो. वजनं बरोबर असतात, वेळ बरोबर असते, तरी हे होतं, कारण पीठ गार फळावर ठेवलेलं असतं. ते वरून ओव्हनच्या उष्णतेने भाजतं, पण खालून फळाच्या उकळत्या रसावर आणि वाफेवर शिजतं. रसच गार असेल तर खालची बाजू शिजणार कशी? या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा: आधी फळ उकळू द्या, मग पीठ ठेवा.

ज्यांनी हा पदार्थ खाल्लेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॉबलर हा अमेरिकेतला घरगुती गोड पदार्थ, एकोणिसाव्या शतकापासून रुळलेला. खोलगट भांड्यात साखर घातलेली फळं, त्यावर लोणी आणि मैद्याच्या मऊ पिठाचे ओबडधोबड गोळे, आणि सगळं एकत्र भाजायचं. ‘पाय’ (pie) या पदार्थासारखी पारी लाटायची नाही, केकसारखं फेटत बसायचं नाही. या पद्धतीत अंडं लागत नाही, त्यामुळे चतुर्थीच्या दिवशी घरी कोण खाईल आणि कोण नाही हा प्रश्न निदान अंड्यावरून तरी येत नाही. क्रम्बल वेगळा, त्याच्यावर कोरडा भुगा असतो. कॉबलरच्या पिठात बेकिंग पावडर असते, म्हणून ते फुलतं आणि आतून पावासारखं मऊ होतं.

तिकडे तो मोठ्या भांड्यात करून वाढून घेतात. आपल्या घरातल्या लहान ओव्हनला मात्र एकेकट्या वाट्याच सोयीच्या. लवकर होतात, प्रत्येकाला कुरकुरीत कड मिळते, आणि एकाच वेळी चार वाट्या प्लमच्या नि दोन आंब्याच्या करता येतात.

१. फळ: काय घ्यायचं, काय सोडायचं

पुण्याच्या बाजारात उन्हाळ्याचे चार महिने एकसारखे नसतात. मार्चमध्ये महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी संपत आलेली असते आणि पुरंदरचे अंजीर भरात असतात. एप्रिलपासून सगळीकडे आंबा. मेच्या उत्तरार्धात हिमाचल आणि काश्मीरकडची चेरी, प्लम आणि पीच हातगाड्यांवर दिसू लागतात, आणि मेअखेर ते जून जांभळं. करवंदं घेऊन मुळशी-वेल्ह्याकडच्या बायका रस्त्याच्या कडेला बसतात ते याच दिवसांत. कॉबलरसाठी सगळ्यात चांगला काळ मे महिन्याचा शेवट ते पाऊस लागेपर्यंतचा.

पहिल्यांदा करत असाल तर प्लम घ्या, म्हणजे आपले आलुबुखार. साल काढायची नाही, आंबटपणा अंगचाच असतो, रस दाट होतो आणि रंग असा गडद लाल येतो की वेगळी सजावट लागत नाही. बी चिकटलेली असेल तर मधोमध चिरून पिळायला जाऊ नका. बीच्या भोवतीने चार काप काढून घ्या.

पीच हे कॉबलरचं ठरलेलं फळ, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तर विशेषच. आपल्याकडे येणारे पीच लहान आणि थोडे कडक असतात, पण शिजल्यावर चांगले लागतात. त्यांची साल मात्र काढावी, नाहीतर ती गुंडाळी होऊन तोंडात येते. उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट टाका, लगेच गार पाण्यात काढा, साल बोटांनी सुटते.

चेरी सुंदर होते, फक्त बिया काढायला वेळ धरा. देठाच्या जागेतून चॉपस्टिक किंवा स्टीलची स्ट्रॉ दाबली की बी दुसऱ्या बाजूने निघते. हे काम सिंकमध्ये आणि जुने कपडे घालून करा, रस दूरवर उडतो. बाजारातली पाकातली लाल गोड चेरी इथे चालणार नाही.

आता आंबा. हापूस ओव्हनमध्ये घालू नका, असं मी अगदी मनापासून सांगेन. त्याचं सगळं वैभव त्याच्या वासात आहे आणि शिजवल्यावर तोच सगळ्यात आधी जातो. हातात उरतो तो मऊ गोड लगदा. पायरी रसाची, तीही आमरसालाच ठेवा. कॉबलरसाठी केशर किंवा तोतापुरी घ्या, पिकलेला पण दाबल्यावर घट्ट लागणारा. तोतापुरीला आंबटपणा असतो आणि फोडी शिजूनही फोडी राहतात. हापूसचा मोह आवरत नसेल तर वाढताना त्याच्या चार कच्च्या, गार फोडी वर ठेवा. गरम कॉबलर आणि वर गार हापूस, ही जोडी खरोखर छान लागते.

जांभूळ आणि करवंद यांबद्दल नेहमी विचारलं जातं, कारण ती आपली फळं आहेत आणि ती वापरावीशी वाटतात. जांभळाचा तुरटपणा शिजवून जात नाही. म्हणून ती एकटी न घेता प्लममध्ये चौथा हिस्सा बी काढलेली जांभळं घाला. रंगही येतो, चवीला धारही. करवंदात बिया पुष्कळ आणि चीकही असतो. मूठभर पिकलेली काळी करवंदं थोड्या पाण्यात शिजवून गाळणीतून दाबून घ्या आणि तो गर आंब्यात किंवा पीचमध्ये मिसळा. आंब्याला जो आंबटपणा हवा असतो तो यातून मिळतो, मग लिंबू कमी घाला.

अननस चालतो. अंजीर चालतात, पण ते फार गोड असल्याने लिंबू सढळ हाताने पिळावं लागतं. कलिंगड, खरबूज यांचं नुसतं पाणी होतं. चिकू आणि पपईत आंबटपणा जवळजवळ नाही, शिजल्यावर ती मिळमिळीत होतात, ती सोडाच.

खरेदीचं म्हणाल तर सहा वाट्यांसाठी ७५० ग्रॅम फळ घेतलंत की साल-बी जाऊन ६०० ग्रॅमच्या आसपास उरतं. आंब्याला थोडं जास्त धरा. एवढ्यासाठी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाण्याची गरज नाही, तिथे पेटीच्या हिशेबात घ्यावं लागतं. मंडई किंवा घराजवळचा फळवाला पुरे. फळवाल्याला "आजच खायचे" असं सांगू नका, नाहीतर तो अगदी मऊ झालेली निवडून देईल. "दोन दिवसांनी हवेत" म्हणा.

२. वाट्या

तुम्हाला १८० ते २०० मिली मावणाऱ्या सहा वाट्या लागतील. उंच आणि अरुंद नकोत. पसरट हव्यात, साधारण ८–९ सेंटीमीटर तोंडाच्या. उंच भांड्यात फळाचा थर जाड होतो आणि पीठ एकमेकांना चिकटून झाकणासारखं बसतं.

चिनी मातीच्या रॅमकिन, म्हणजे ओव्हनमध्ये चालणाऱ्या लहान वाट्या, सगळ्यात चांगल्या. त्या उष्णता हळूहळू घेतात आणि हळूहळू सोडतात. बोरोसिलिकेट काचेच्या वाट्याही उत्तम, फक्त फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नका, काच तडकते. दोन्ही नसतील तर नवीन काही विकत घ्यायच्या आधी आपल्या आमटीच्या स्टीलच्या वाट्या पाहा. लहान असतील तर सहाऐवजी आठ वाट्या करा. स्टील लवकर तापतं, म्हणून वेळ ३–४ मिनिटं कमी लागते.

काय वापरू नये हे जास्त महत्त्वाचं आहे. अॅल्युमिनियमचे साचे आंबट फळाला धातूची चव आणतात. पितळ-तांब्याची भांडी आंबटासाठी नकोतच. साधे चहाचे कप ओव्हनसाठी बनवलेले नसतात. आणि मातीचे कुल्हड दिसायला कितीही छान वाटले तरी ते पाक शोषून घेतात आणि तडकूही शकतात. हात बसेपर्यंत त्यांच्या वाटेला जाऊ नका.

३. सामान

सहा वाट्यांचं प्रमाण देते. मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा, लहान चमचा म्हणजे ५ मिलीचा, दोन्ही सपाट भरलेले.

फळासाठी:
– साफ केलेलं फळ ६०० ग्रॅम, सुपारीएवढ्या फोडी
– साखर (फळाप्रमाणे, खाली सांगते)
– कॉर्नफ्लोअर दीड ते दोन मोठे चमचे
– लिंबाचा रस
– चिमूटभर मीठ
– आवडीप्रमाणे पाव लहान चमचा वेलची, सुंठ किंवा दालचिनीची पूड. आंब्याला वेलची, पीचला सुंठ, प्लमला दालचिनी.

वरच्या पिठासाठी:
– मैदा १२० ग्रॅम
– साखर २ मोठे चमचे, शिवाय वरून भुरभुरवायला थोडी
– बेकिंग पावडर सव्वा लहान चमचा
– मीठ पाव लहान चमचा
– थंडगार लोणी ५० ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमच्या बटरच्या पुडीतलं अर्धं
– थंड दूध ८० मिली, लागलं तर आणखी एक चमचा

साखरेचं प्रमाण फळावर ठरतं आणि इथे पाककृतीपेक्षा तुमच्या जिभेचं ऐका. प्लमला ९० ते १०० ग्रॅम लागते. स्ट्रॉबेरीला ८०, पीचला आणि अननसाला ६० ते ७०, गोड चेरीला ५०. पिकलेल्या केशर आंब्याला ३० ग्रॅमही पुरते. लिंबू याच्या उलट: प्लमला एक लहान चमचा रस, आंबा किंवा अंजिराला दीड मोठा चमचा. रसाळ फळाला (प्लम, चेरी, स्ट्रॉबेरी) कॉर्नफ्लोअर दोन चमचे, पीच आणि आंब्याला दीड.

नेहमीचं पिवळं बटर खारट असतं. ते घेतलंत तर पिठातलं मीठ वगळा. घरी काढलेलं पांढरं लोणीही चालतं आणि चवीला फार सुरेख लागतं, पण त्यात ताकाचं पाणी राहिलेलं असतं. गार पाण्यात धुऊन, दाबून पाणी काढून, फ्रीजरमध्ये घट्ट करून घ्या आणि दूध एक-दोन चमचे कमी घाला. तूप मात्र नको. तुपात पाणी नसतं, त्यामुळे थर सुटायला लागणारी वाफ होत नाही. नानकटाईसारखं भुसभुशीत काहीतरी होतं. वाईट लागत नाही, पण तो कॉबलर नव्हे.

दुधाऐवजी दही वापरायचं असेल तर ३ मोठे चमचे दही आणि तेवढंच दूध एकत्र करा, आणि खायचा सोडा अगदी चिमूटभर पिठात घाला. पीठ जास्त मऊ होतं, मला हेच आवडतं. पातळ ताक मात्र नको, पीठ वाहून जातं. गव्हाचं पीठ घालायचं असेल तर तिसरा हिस्सा घाला. पूर्ण गव्हाचा थर जड बसतो.

बेकिंग पावडर कधी आणलीय हे आठवत नसेल तर अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून पाहा. फसफसून वर आली तर ठीक. नुसती तळाशी बसली तर ती मागच्या पावसाळ्यातच गेलेली आहे, नवी आणा.

याखेरीज किसणी, सुरी, जाड बुडाचं पातेलं, ओव्हनमधला ट्रे, आणि डिजिटल वजनकाटा. काट्याचा आग्रह मी सगळ्यांना करते. वाटीने मोजलेला मैदा दाबून भरला की सहज पंचवीस-तीस ग्रॅमने वाढतो आणि एवढ्याशा पिठात तो फरक फार होतो. ओव्हनच्या आत ठेवायचा साधा थर्मामीटर मिळाला तर तोही घ्या. तबकडीवर लिहिलेलं तापमान आणि आतलं खरं तापमान यांत बऱ्याच ओटीजींमध्ये (ओट्यावर ठेवायच्या लहान विजेच्या ओव्हनमध्ये) तफावत असते.

४. ओव्हन आणि वीज

ओटीजी असेल तर वरची-खालची दोन्ही कांबी चालू करून १९० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा. ओटीजी साधारण १२०० ते २००० वॉट वीज घेतो. तो मिक्सरच्या लहान सॉकेटला किंवा एक्स्टेंशन बोर्डाला लावू नका. गिझर-फ्रिजसाठी असतो तसा मोठा १६ अँपिअरचा सॉकेट हवा. आणि पुण्यात गुरुवारचा बेत असेल तर देखभालीसाठी वीज बंद राहणार असल्याचा निरोप आलाय का ते आधी पाहून ठेवा, पीठ फळावर ठेवल्यावर वीज गेली तर काहीच करता येत नाही.

मायक्रोवेव्ह असेल तर त्यात कन्व्हेक्शनची, म्हणजे पंख्याने गरम हवा फिरवून भाजण्याची, सोय लागते. तिच्यात १८० अंश ठेवा, पंख्यामुळे रंग लवकर येतो. साध्या मायक्रोवेव्हमध्ये पीठ रबरासारखं होतं, त्या वाटेने जाऊ नका. एअर फ्रायरमध्येही होतो: १७० अंश, १२ ते १५ मिनिटं, पण एका वेळी दोन-तीन वाट्याच मावतात.

५. फळ शिजवणं

फोडी, साखर, लिंबू, मीठ आणि घेतली असेल ती वेलची, सुंठ किंवा दालचिनीची पूड एकत्र करून अर्धा तास ठेवा. रस सुटेल. त्यातला दोन-तीन चमचे रस वाटीत काढून त्यात कॉर्नफ्लोअर गुठळ्या न ठेवता कालवा. बाकीचं फळ रसासकट पातेल्यात घालून मध्यम आचेवर ठेवा. कडेला नव्हे, अगदी मधोमध बुडबुडे येऊ लागले की कालवलेलं कॉर्नफ्लोअर ओता आणि ढवळत दोन मिनिटं उकळू द्या. रस आधी दुधाळ दिसतो, मग दाट आणि पारदर्शक होतो. पारदर्शक झाला की गॅस बंद.

हे ओव्हनमध्येही करता येतं. वाट्यांत कच्चं फळ भरून १५ मिनिटं भाजायचं, मग बाहेर काढून पीठ ठेवायचं. परदेशी पाककृती तसंच सांगतात. पण एप्रिल-मेच्या पुण्यात ओव्हन आणखी पाव तास चालू ठेवून घर तापवण्यात अर्थ नाही. शिवाय गॅसवर रस डोळ्यांसमोर दाट होतो, तो पातळ राहिलाय की घट्ट झालाय हे आधीच कळतं. चमच्याच्या पाठीवर थर धरून राहील एवढाच दाट हवा. जॅमसारखा घट्ट झाला तर दोन चमचे पाणी घाला, कारण ओव्हनमध्ये आणि निवताना तो आणखी आळतो.

आंब्याला आणि अगदी पिकलेल्या स्ट्रॉबेरीला वेगळी वागणूक द्या. त्यांचा फक्त रस आणि थोड्या फोडी उकळून दाट करा, उरलेल्या फोडी गॅस बंद केल्यावर मिसळा. म्हणजे त्या विरघळत नाहीत.

आता चव घ्या. या टप्प्यावर ते थोडं जास्त आंबट वाटायला हवं. वरचं पीठ आणि सोबतचं आइस्क्रीम गोड असणार आहे. चाखून झालं की पातेलं झाकून मंद आचेवर ठेवा.

६. वरचं पीठ

इथे आपल्या हाताची सवय आडवी येते. शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो आणि पीठ घट्ट मळतो. इथे दोन्ही उलट करायचं आहे: लोणी थंडगार, आणि मळायचं अजिबात नाही.

कारण असं. लोण्याचे बारीक तुकडे पिठात अखंड राहिले तर ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि त्या जागी पोकळ्या पडून थर सुटतात. लोणी आधीच वितळून पिठात मुरलं तर पोकळी पडायला काही उरतच नाही. आणि मैदा ओला करून मळला की त्याला चिवटपणा येतो; पोळीला तो हवा, इथे नको.

उन्हाळ्यात दुपारी पुण्याचं स्वयंपाकघर ३५ अंशांच्या वर असतं आणि लोणी हातात घेईपर्यंत घाम सोडतं. म्हणून हे काम सकाळी किंवा सूर्य कलल्यावर करा. मैदा, साखर, बेकिंग पावडर आणि मीठ परातीत नाही, तर खोल भांड्यात एकत्र करून भांड्यासकट फ्रिजमध्ये ठेवा. लोण्याची वडी फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवा. मग मोठ्या भोकांच्या किसणीने ती थेट गार पिठात किसा, मध्ये मध्ये पीठ भुरभुरवत, म्हणजे कीस एकत्र चिकटत नाही. शेवटी काट्याने वरखाली करा. बोटं लावायचीच असतील तर फक्त टोकं, तळहात नको. काही तुकडे तुरीच्या दाण्याएवढे दिसत राहिले पाहिजेत.

आता गार दूध एकदम ओता आणि काट्याने आठ-दहा वेळा फिरवा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. पीठ खडबडीत, ओलसर, चमच्यावरून सावकाश खाली पडेल असं दिसेल. ते गुळगुळीत करायचा मोह होईल, तो आवरा. बेकिंग पावडर ओली झाल्याक्षणी कामाला लागते, त्यामुळे हे पीठ करून ठेवू नका. ओव्हन तापलेला, फळ उकळतं आणि वाट्या ट्रेवर मांडलेल्या, अशी तयारी झाल्यावरच दूध घाला.

७. वाट्या भरणं आणि भाजणं

मंद आचेवरचं फळ पुन्हा एक उकळी आणून वाट्यांत दोन-तृतीयांश भरा. लगेच चमच्याने पिठाचे तीन-चार लहान गोळे प्रत्येक वाटीत टाका. सगळा पृष्ठभाग झाकू नका. गोळ्यांच्या मध्ये फटी हव्यात, त्यांतून वाफ निघते आणि रस वर येऊन कडा रंगतात. फट ठेवली नाही तर वाफ खाली कोंडते, पीठ ओलं राहतं आणि रस कडेने उतू जातो. वरून थोडं दूध लावून साखर भुरभुरवा, तिने वरचा पापुद्रा कुरकुरीत होतो.

ट्रेवर फॉइल घाला, कारण काळजी घेतली तरी एखादी वाटी उतू जातेच आणि जळलेला पाक घासायला फार त्रास देतो. ट्रे मधल्या खाचेत ठेवा. १९० अंशांवर २० ते २५ मिनिटं. पंधरा मिनिटांनी ट्रे फिरवा, बहुतेक ओव्हनचा मागचा कोपरा जास्त तापतो. वर रंग आला आणि वेळ उरला असेल तर वरून फॉइल सैलसर झाका.

झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका. एका वाटीतला मधला गोळा काट्याने हळूच उचलून त्याची खालची बाजू पाहा. ती पावाच्या आतल्या भागासारखी कोरडी, जाळीदार दिसली तर झालं. चकाकणारी, पेस्टसारखी दिसली तर आणखी ४–५ मिनिटं. उचलून पाहिलेली वाटी करणाऱ्याची, पाहुण्यांना बाकीच्या.

ओव्हन नसेल तर

काळजी करू नका, हा पदार्थ मुळात चुलीवरचाच आहे. अमेरिकेत तो जाड बिडाच्या भांड्यात, झाकणावर निखारे ठेवून भाजत. आपल्याकडेही रव्याचा केक आणि नानकटाई खाली-वर निखारे ठेवूनच होत असे. जुनी जाड कढई घ्या, तळाशी जाडं मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवा आणि घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर पंधरा मिनिटं तापवा. मग वाट्या ठेवून ३० ते ३५ मिनिटं. झाकणाखालून फडकं बांधा, म्हणजे वाफेचं पाणी पिठावर पडत नाही. फडक्याची टोकं वर घेऊन गाठ मारा, आचेजवळ लोंबू देऊ नका. वरून रंग फिका राहील, शिजायला मात्र व्यवस्थित शिजतो. नॉनस्टिक कढई यासाठी वापरू नका, कोरड्या आचेवर तिचा थर खराब होतो.

८. वाढणं

बाहेर काढल्यावर १५ ते २० मिनिटं थांबा. रस तोवर आळतो, आणि उकळता पाक जिभेला फार वाईट भाजतो. लहान मुलांना देताना वाटी बदलून द्या, चिनी माती बराच वेळ तापलेली राहते.

सोबत व्हॅनिला आइस्क्रीम ही सर्वमान्य जोडी. मला त्याहून चक्का आवडतो: फ्रिजमध्ये गार केलेला, अगदी थोडी पिठीसाखर घालून घोटलेला. प्लम आणि चेरीच्या गोडीवर तो आंबटपणा फार छान बसतो. आंब्याच्या कॉबलरवर नुसती गार साय घाला.

पाहुणे संध्याकाळी येणार असतील तर फळ सकाळी शिजवून फ्रिजमध्ये ठेवा आणि लोणी किसलेलं कोरडं पीठही डब्यात भरून फ्रीजरमध्ये. सगळे जेवायला बसले की ओव्हन लावा, फळ गॅसवर पुन्हा खळखळ उकळा, पिठात दूध घाला, वाट्या भरून आत ठेवा. जेवण आटोपेपर्यंत कॉबलर तयार होतात आणि निवायलाही वेळ मिळतो. घाईत फ्रिजमधलं गार फळ तसंच वाट्यांत भरलंत, तर सुरुवातीला सांगितलेला लगदा ठरलेला.

उरलेल्या वाट्या उन्हाळ्यात ओट्यावर रात्रभर ठेवू नका. निवल्या की फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवस टिकतात. वरचा थर दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. मायक्रोवेव्हमध्ये तो आणखी ओला होतो, म्हणून ओटीजीत १६० अंशांवर ८–१० मिनिटं गरम करा. काचेच्या किंवा चिनी मातीच्या वाट्या फ्रिजमधून काढून आधी अर्धा तास बाहेर ठेवा.